रानकांद्याची ओळ

मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं घर, शेजारी शुभंकरचं. दिवाळीत मी मुलीकडे मुंबईला गेले, तेवढ्यात या गृहस्थाने आमच्या दोन परसांमधला दगडी गडगा पाडला आणि दोन हात माझ्या हद्दीत घुसून चिऱ्याची भिंत घातली. वर म्हणतो, "काकी, गडगा हयच तर होता." चोर तो चोर, वर शिरजोर!

आमच्याकडे हद्दीवर रानकांदा लावतात. चैत्रात बिनपानांचे दांडे येतात, त्यांना घंटेसारखी फिकट फुलं. हा कांदा उपटायचा नसतो. वर्षातून एकदा मालकाने ओळीच्या आत उभं राहून जमिनीच्या न दिसणाऱ्या राखणदारासाठी बाहेरच्या बाजूला नारळ ठेवायचा. शुभंकरने सगळे कांदे उपटून उकिरड्यावर फेकले होते.

चैत्रात त्याच्या मोगऱ्यांमधून, अगदी जुन्या हद्दीवर, दांडे वर आले. माझा आनंद पोटात मावेना. "बघ मेल्या, जमीन खोटं बोलत न्हाय!"

त्याने ते खणले. चार दिवसांनी ओळ त्याच्या पडवीला लागून उगवली.

आणि दुसरी माझ्या विहिरीच्या अलीकडे, स्वयंपाकघराच्या पायरीपाशी. मी संतापले. लुबाडली गेले मी, आणि ओळ माझ्याच दारात? कुदळ घेऊन खणायला बसले. कांदा नव्हताच. दांडा सरळ कातळात गेलेला. भर उन्हात तिथली माती ओली लागत होती.

काल सकाळी पायरीवर फोडलेल्या नारळाची वाटी होती, वर हळदकुंकू. हे चाळे कुणाचे ते सांगायला नको. तावातावाने रस्त्यावर आले, तर शुभंकरच समोरून येत होता. त्याच्या हातातही एक वाटी होती.

"काकी, माझ्या पडवीत ही तुम्हीच ठेवलीत ना?"

"मी कशाला ठेवू?"

दोन्ही वाट्या जुळवल्या. फट राहिली नाही. आतून अजून पाणी ठिबकत होतं.

"नारळ मालकच ठेवतो ना?" त्याने विचारलं.

"हो."

"हद्दीच्या बाहेर?"

म्हणजे बाहेरचे आम्ही होतो. माझी विहीर, त्याची भिंत, सगळं त्या दोन ओळींच्या मध्ये होतं. तिकडे बघायची दोघांचीही हिंमत झाली नाही.

घरात येऊन दार लावलं. माझं घर आहे हे, कुणाच्या बापाचं नाही!

ओट्याखालची एक लादी बोटभर उचलली गेली होती. फटीतून फिकट कळी डोकावत होती.