हैबतरावांचं डावं वळण

गाडी डावीकडे ओढत होती, एवढीच तक्रार होती. भुताखेतांचा विषय तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता. आता लाइट गेलीच आहे आणि मेणबत्तीही बरीच उरली आहे, म्हणून सांगते.

मी दातांची डॉक्टर. राहायला सूसला, दवाखाना पौडला. रोजच्या जाण्यायेण्यासाठी मी एक जुनी गाडी घेतली. पांढरी, चौकोनी, कुठे ओरखडा नाही. आधीचे मालक हैबतराव. धरणाकडच्या गावचे, जन्मभर एसटी चालवून निवृत्त झालेले. ते वारले, आणि त्यांच्या सुनेनं, बायजानं, गाडी विकायला काढली. चावी हातात देताना ती म्हणाली, "मामंजींनी लई जपली हो. तुमी बी जपा. आन् उगं हॉर्न वाजवू नगा, त्यांना आवडत न्हाई."

आवडायचं नाही, असं ती म्हणाली नव्हती. आवडत नाही, असं म्हणाली. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही.

पहिल्याच आठवड्यात गाडी डावीकडे सरकायला लागली. नांद्याच्या रस्त्यावर थोडीशी, पिरंगुटला जरा जास्त, आणि पौड ओलांडून धरणाकडे निघालं की विचारूच नका. दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरावं लागे. हट्टी म्हशीला दावणीकडे ओढतात तसं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दंड भरून यायचे. दाढ काढायला बळ उरायचं नाही आणि पेशंटला वाटायचं, बाई हळुवार आहेत.

माझा नवरा निरंजन हिंजवडीत कामाला आहे. त्यानं रविवारी गाडी सूसमधल्या सूसमध्ये फिरवून आणली आणि सोफ्यावर बसत निकाल दिला, "गाडी एकदम ठीक आहे. शुभा, राग मानू नकोस, पण तुला गाडी सरळ चालवता येत नाही."

मी राग मानला. चांगला चार दिवस मानला.

मग श्रावणात ते घडलं. धरणाकडच्या एका शाळेत दातांचं शिबिर होतं. जाताना माले गाव सोडलं आणि गाडीनं असा काही डावा हिसका दिला, की मी रस्ता सोडून खाली उतरले. मोरीचा कठडा पुढच्या काचेत मोठा मोठा होत गेला. गाडी थांबली तेव्हा कठड्यात आणि बंपरमध्ये माझी पर्स बसली असती, एवढीच जागा होती. मागून येणारा दुधाचा टेम्पोवाला उतरून धावत आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "टायर फुटला का?" टायर शाबूत होते.

घरी हे कळल्यावर निरंजनचा चेहरा उतरला. थट्टा संपली. "विकून टाकू ती," तो म्हणाला. "आणि पौडचा दवाखानाही बंद कर. इथे सोसायटीत उघड."

सूसच्या आमच्या सोसायटीत आधीच तीन दंतवैद्य आहेत. पौडला माझी वाट बघणारी माणसं आहेत. म्हटलं, शेवटचा उपाय करू. चाकांची अलाइनमेंट करून घेऊ.

पौडच्या अलीकडे जोतिबाचं दुकान आहे. दार अडेल एवढा धिप्पाड गडी, आणि आवाजही तसाच. त्यानं नुकतंच अलाइनमेंटचं कॉम्प्युटर मशीन आणलं होतं. मशीनला हळद-कुंकू वाहिलेलं होतं आणि वर झेंडूची माळ.

"डाक्टरीणबाई, हे दातासारखंच काम," तो म्हणाला. "चाकं वाकडी झाली की सरळ करायची. तुमी तार लावता, आमी टायरॉड पिळतो."

त्यानं गाडी रॅम्पवर चढवली. पुढची चाकं हलवून बघितली, स्टिअरिंग मधोमध आणून दांडीनं अडकवलं. चारही चाकांना सेन्सर लावले. पडद्यावर चाकांचं चित्र उमटलं, खाली टो, कॅम्बर, कास्टर असे चाकांच्या कोनांचे आकडे. मी लाल आकडे बघायच्या तयारीत होते, पण सगळे हिरवे. एकूण एक हिरवे.

जोतिबानं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा हिरवे. त्यानं टायरची हवा तपासली, डावी-उजवी चाकं आपसात बदलली, बेअरिंग तपासलं, ब्रेक कुठे धरतोय का बघितलं. काहीच नव्हतं.

"गाडीत दोष न्हाई," तो शेवटी म्हणाला, आणि माझ्याकडे निरंजनसारखं बघायला लागला.

"जोतिबाभाऊ," मी म्हटलं, "पुढचं वाक्य बोलायच्या आधी गाडी चालवून बघा. मालेच्या पुढे."

दुपारचीच वेळ होती, पण श्रावणातली. धुकं इतकं उतरलं होतं, की पौडच्या बाहेरच डोंगर पुसून गेले होते. जोतिबा चालवायला बसला, मी शेजारी. गाडी ओळंबा धरल्यासारखी सरळ चालली. मालेपर्यंत त्यानं स्टिअरिंगवरचे हात तीनदा सोडून दाखवले आणि तीनदा म्हणाला, "बघा, नाकासमोर!" मला घाम फुटला. वाटलं, म्हणजे खरंच मलाच...

माले मागे पडलं. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. वायपर एकदा कण्हत गेला आणि एकदा कण्हत आला. गाडीत वास यायला लागला. ओल्या खाकी कापडाचा, आणि त्यात मिसळलेला निलगिरी तेलाचा.

टिक... टिक... टिक...

"डावा इंडिकेटर तुम्ही लावलात?" मी विचारलं.

"मी?" जोतिबानं दोन्ही हात वर केले. "माझं हात हितं हायेत की."

आणि स्टिअरिंग वळायला लागलं. हिसका नाही, झटका नाही. सावकाश, एका हातावरून दुसरा हात टाकत एसटीचा जुना ड्रायव्हर मोठं चाक फिरवतो, त्या लयीत. गाडी डांबरी रस्ता सोडून डोंगराकडच्या कच्च्या रस्त्याला लागली. वळण पूर्ण झालं आणि इंडिकेटर आपोआप बंद झाला.

इतक्या भीतीतही माझ्या मनात आलं, या रस्त्यावर जिवंत माणसं इंडिकेटर देत नाहीत.

जोतिबानं ब्रेकवर उभं राहायचं तेवढं बाकी ठेवलं. पायाखाली ब्रेक दगडासारखा घट्ट. मग त्यानं डोळे मिटून घेतले आणि पुटपुटायला लागला. मला वाटलं, मारुतिस्तोत्र. कान देऊन ऐकलं तर, "टो झिरो... कॅम्बर बरोबर... कास्टर बरोबर... टो झिरो..."

पुढे धुक्यातून मेंढरं आली. गाडी अदबीनं थांबली. एकेक मेंढरू बंपरला अंग घासत गेलं, शेवटचं लंगडं कोकरूही गेलं, तोवर गाडी हलली नाही. मेंढरांमागची बाई काठी टेकत आमच्याजवळ आली, ड्रायव्हरच्या खिडकीतून आत बघून ओळखीचं हसली. "राम राम, हैबतभाऊ. लई दिसांनी," म्हणाली आणि धुक्यात गेली.

जोतिबाचा आवाज बारीक झाला. "मला म्हणली का?"

"तुमचं नाव हैबत आहे का?"

"न्हाई."

"मग नाही."

गाडी चढ चढून एका घराच्या अंगणात गेली आणि थांबली. वाडीचं नाव सांगत नाही, शनिवार-रविवारी लोक बघायला येतील. ओट्यावर एक म्हातारा छत्रीच्या काड्या दुरुस्त करत बसला होता. त्यानं मान वर केली. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडीकडे बघितलं.

"आलास व्हय?" तो म्हणाला. "चालता हो."

जोतिबा दार उघडून बाहेर पडला, तो थेट गोठ्याच्या भिंतीला जाऊन चिकटला. चावी त्याच्या मुठीत होती. इंजिन चालूच होतं.

मीही उतरले. "आजोबा... कोणाला म्हणताय?"

"आमच्या धाकट्या भावाला. हैबत्याला. मेला तरी ताठा गेला न्हाई त्येचा."

म्हाताऱ्याचं नाव दादासाहेब. मुलगा-सून शेतावर गेली होती. हळूहळू सगळं कळलं. दादासाहेबांच्या लेकीच्या लग्नात नवरीची गाडी हैबतरावांनी चालवली होती. अंगणात शिरताना मांडवाच्या खांबाला गाडी निसटती घासली, आणि सगळ्या व्याह्यांसमोर दादासाहेब बोलले, "जल्मभर एसटी हाकली, पर गड्याला गाडी सरळ चालवता येत न्हाई." मांडव हसला. हैबतराव जेवायला थांबले नाहीत. त्यानंतर मरेपर्यंत त्या अंगणात त्यांनी पाय ठेवला नाही. त्यांच्या गावाला जायचा रस्ता तोच, पण ते मालेपुढच्या वळणापर्यंतच यायचे, घटकाभर गाडी थांबवून बसायचे आणि परत जायचे. वाडीतल्या सगळ्यांनी ते बघितलेलं होतं. कुणी खाली जाऊन बोलावलं नाही, आणि ते वर आले नाहीत.

"थट्टा केली व्हती," दादासाहेब काड्यांकडे बघत म्हणाले. "येवढं काय लावून घ्यायचं?"

आता खरं सांगते, मी घाबरलेली होते. पण ते वाक्य ऐकलं आणि माझी भीती कुठल्या कुठे गेली.

"माझा नवराही मला हेच म्हणतो," मी म्हटलं. "मला एक माणूस म्हणाला तर मी चार दिवस जेवण गिळू शकले नाही. त्यांना तुम्ही अख्ख्या मांडवासमोर म्हणालात. त्यांचं सगळं आयुष्य त्या चाकावर गेलं होतं, आजोबा. उठा. त्यांच्या गाडीत बसा. एक फेरी मारा. वाकडी चालवली तर तसं सांगा, सरळ चालवली तर तसं सांगा."

गाडीचे दिवे एकदा लागले आणि विझले.

"बघा," दादासाहेब म्हणाले, "अजून डोळं वटारतोय." पण छत्री खाली ठेवली. आत जाऊन टोपी घालून आले, जरा तिरकी, पाहुण्यांकडे निघाल्यासारखी. डाव्या सीटवर बसले आणि दार ओढून घेतलं.

उजवी सीट रिकामी होती. मी तिकडे वळणार, तोच गाडी सुरेख मागे आली, वळली आणि निघाली.

"आजोबा!" मी ओरडले. धुक्यात दोन लाल ठिपके दिसले, मग तेही गेले.

तो वेळ मी विसरणार नाही. खाली उतार, उताराखाली रस्ता, रस्त्यापलीकडे धरणाचं पाणी, आणि गाडीत ऐंशीच्या घरातला एकटा म्हातारा. आम्ही दोघं कान लावून उभे होतो. इंजिनाचा आवाज खाली खाली गेला. मग माणसाचा आवाज यायला लागला, चढलेला, भांडणाचा. एक दादासाहेबांचा, खणखणीत. आणि मध्ये मध्ये, तो थांबला की, दुसरा. जाड, घोगरा.

जोतिबानं माझी ओढणी घट्ट धरली. "डाक्टरीणबाई... दोन हायेत..."

"मोजू नका," मी म्हटलं.

मग एकदम शांतता. गोठ्यातली गाय रवंथ करायची थांबली. पागोळ्यांचं पाणी तेवढं टपटपत राहिलं. मी मनात दादासाहेबांच्या मुलाला काय सांगायचं याची वाक्यं जुळवायला लागले आणि एकही वाक्य धड जुळेना.

बऱ्याच वेळानं चढावर इंजिन घुमलं. गाडी आली, अंगणाच्या दोन्ही कडांपासून सारखं अंतर ठेवून मधोमध उभी राहिली, आणि बंद झाली. दादासाहेब उतरले. डोळे लाल होते. उपरण्यानं नाक पुसलं, गाडीच्या टपावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले.

"सरळ चालवतोय," ते म्हणाले. "सुतात चालवतोय."

मग माझ्याकडे वळून दटावल्यासारखं, "आन् तुमी कशाला रडताय?"

त्या दिवसापासून गाडीनं डावीकडे बोटभरही ओढलं नाही. निरंजननं पुढच्या रविवारी थेट धरणापर्यंत चालवली आणि म्हणाला, "बघ, मी म्हणतच होतो, गाडीत काही नव्हतं." मी चावी परत घेतली. दवाखाना चालू राहिला. जोतिबानं मशीनवर आणखी एक माळ चढवली, पण माझी गाडी दिसली की तो शटर ओढून घेतो. दादासाहेब दाढेसाठी माझ्याकडे यायला लागले. मुलाच्या मोटारसायकलवर यायचे, आणि जाताना माझ्या गाडीच्या टपावर थाप मारून जायचे. मला वाटलं, संपलं.

गेल्या आठवड्यात सकाळी दूध घ्यायला खाली उतरले, तर आमच्या वॉचमननं, मनीषनं, मला थांबवलं. नवीन आहे, बिहारचा. जरा ओशाळून म्हणाला, "मॅडम, बुरा मत मानिए. आपके मेहमान सुबह-सुबह गाडी में बैठके बात करते हैं, ऊपर से लोग चिल्लाते हैं."

"कोण मेहमान?"

"दो बाबा. ड्रायव्हर सीटवाले तो चुप बैठे थे. बगलवाले एक ही बात बोले जा रहे थे. मराठी में. 'अजून पुढं... अजून पुढं...'"

मी पार्किंगमध्ये धावले. गाडीला कुलूप होतं. आत कुणी नव्हतं. सगळ्या काचा आतून वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या.

पहिला विचार आला तो दादासाहेबांचा. वाटलं, तेही गेले. तिथूनच फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, आणि मग उचलला.

"कोन? डाक्टरीणबाई? येवढ्या सकाळी?" त्यांचाच आवाज. खणखणीत. मागे कपबशी वाजत होती.

मी भिंतीला टेकले. "आजोबा, तुम्ही बरे आहात ना? घरीच आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? च्या पितोय."

मग मी त्यांना सांगितलं. मनीषनं काय पाहिलं ते, आणि काय ऐकलं तेही. पलीकडे कपबशी वाजायची थांबली.

"डाक्टरीणबाई," ते अगदी हळू म्हणाले, "मी तर हितं हाय... मंग हैबत्यासंगं कोन बसलंय?"