निएमींनी रोखलेला श्वास

कॅनडातल्या सडबरीच्या निकेलच्या खाणीत चाळीस वर्षं काढलेले आर्व्हो निएमी त्या दुपारी तिसऱ्यांदा एमआरआयच्या नळीत शिरले. त्यांच्या निकामी होत चाललेल्या यकृतात, अगदी वरच्या टोकाला, एक ठिपका होता. तो कॅन्सर ठरला तर प्रत्यारोपणाच्या यादीत त्यांचा नंबर वर सरकणार होता. साधी गाठ ठरली तर वाट बघता बघताच ते जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. औषध टोचल्यावर ठिपका उजळायचा तो मोजके सेकंद, तेवढा वेळ श्वास रोखून निश्चल पडायचं, आणि म्हातारबुवा नेमके तेव्हाच खोकायचे. दोन्ही वेळा चित्रांचा नुसता चिखल झाला होता. प्रत्यारोपण समितीची बैठक उद्यावर आली होती, पण निदानावर अंदाजपंचे सही करणं ही चित्रं तपासणाऱ्या डॉक्टर कोलेट फरांच्या स्वभावात नव्हतं.

तंत्रज्ञ वेंडेल पळतच तिच्या खोलीत आला. "डॉक्टर, आज म्हाताऱ्यानं कमाल केली. चला, बघाच!"

यंत्राशेजारच्या खोलीत पडद्यावर चित्रं लख्ख होती. ठिपका उजळला होता, मग काळवंडला होता. कॅन्सरच. कोलेटला आनंद झाला, आणि असल्या गोष्टीचा आनंद झाला याची लाजही वाटली.

मग तिची नजर जरा वर गेली. तिथं हृदयाचा तळ दिसतो, तो नेहमीच पुसट. हृदय काही कुणाच्या सांगण्यावरून थांबत नाही. इथं मात्र त्याची कड रेखीव होती.

"वेंडेल, 'श्वास रोखा' म्हणालास. नंतर 'श्वास घ्या' म्हणालास ना?"

"म्हणजे... चित्रं बघितली आणि तुमच्याकडेच धावलो..."

'श्वास रोखा' म्हटल्याला अकरा मिनिटं झाली होती. निएमींच्या पोटावरच्या, श्वास टिपणाऱ्या पट्ट्याची रेष पडद्यावर सरळ चालली होती. कोलेटनं माईकचं बटण दाबलं.

"मिस्टर निएमी?"

"चित्र नीट आलं का, डॉक्टर?" आवाज अगदी शांत होता.

"आलं. आता तुम्ही..."

"थांबा. मी हललो की पुन्हा घोटाळा. आधी सही करा... मला काही त्रास नाही."

कोलेटनं सही केली. कॅन्सरचं निदान तर खरंच होतं.

"झाली," ती हळूच म्हणाली. "आता श्वास घ्या."

नळीतून श्वास आत ओढल्याचा आवाज आला. वेंडेल सेकंद मोजू लागला, आणि शंभराच्या पुढं त्यानं मोजणं सोडलं. आवाज थांबेना. रेष तशीच सरळ होती.