फरशीवरचं अस्तर

सूनबाई इस्पितळात ड्रेसिंगचं काम करायची. चिघळलेल्या जखमा, पू, कुजलेलं मांस बघून बघून तिचं नाक मेलं होतं. त्यामुळे सासऱ्यांची लघवीची पिशवी रिकामी करायचं काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं. नवरा दारातूनच तोंड फिरवायचा.

सासऱ्यांच्या मूत्राशयातली कर्करोगाची गाठ कितीही खरवडली तरी पुन्हा उगवायची. "अस्तर फाटलं की तिथल्या मूळपेशी ते भरून काढतात," डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. "त्यातलीच एखादी बिघडली, की गाठही तिच्यातूनच वाढते. आता परत आली तर मूत्राशयच काढावं लागेल."

"मग मला घरीच राहू दे," एवढंच सासरे म्हणाले.

पिशवी ती बाथरूममध्ये ओतायची. एका सकाळी फरशीच्या चिरेत तिला काहीतरी गुलाबी, बुळबुळीत दिसलं. बुरशी असेल म्हणून तिने खराट्याने घासून काढलं. दुसऱ्या दिवशी चीर पार बुजली होती. वर ओलसर पापुद्रा होता, गालाच्या आतल्या कातडीसारखा. बोट लावलं तर कोमट लागला.

तिला उमासा आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

तिने अ‍ॅसिड ओतलं. पापुद्रा पांढरा पडून फुगला, फाटला. जळक्या मांसाचा वास घरभर पसरला. सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. ओटीपोटात आग होते म्हणाले.

संध्याकाळी खालून नवा पापुद्रा वर आला होता. पार मोरीच्या जाळीपर्यंत. त्यात बारीक लाल शिरा होत्या.

"अहो, जरा बघता का?"

नवऱ्याने लांबूनच पाहिलं. "ओल आलीये. गवंड्याला सांगतो."

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आत दुर्बीण घातली. बराच वेळ पाहत राहिल्या.

"गाठ नाही," त्या म्हणाल्या. "आधीच्या जखमांचे व्रणही नाहीत. हे कसं झालं, मला सांगता येणार नाही."

नळी निघाली, पिशवी गेली. नवऱ्याला रडू आवरेना.

घरी आल्या आल्या तो हातपाय धुवायला आत गेला. सूनबाईने सासऱ्यांपुढे चहा ठेवला. त्यांनी कप उचललाच नाही. ओठ घट्ट मिटून ते बाथरूमच्या बंद दाराकडे बघत होते.

"काय होतंय, बाबा?"

"त्याला म्हणावं, चप्पल बाहेर काढून जात जा," ते हळूच म्हणाले. "टोचते."