फाटकाच्या अलीकडे

"माफ करा, पण… तुम्ही माझ्या पेशंटवर बसला आहात."

मी उडालेच! फेरीबोटीच्या डेकवरचे बाक भरले होते, म्हणून समोर दिसलेल्या खोक्यावर मी खुशाल बैठक मारली होती. खोक्याच्या फटीतून एक पिवळी चोच बाहेर आली आणि तिने मला चांगलंच सुनावलं.

"बदक?"

"हो."

"आजारी आहे?"

"पाय मोडला होता. आता बरा आहे."

"आणि तुम्ही?"

"मी बराच आहे," तो गोंधळून म्हणाला आणि मग हसला. "म्हणजे… जनावरांचा डॉक्टर आहे मी."

उंच, सावळा, शर्टाच्या खिशावर औषधाचा जांभळा डाग. हसताना आधी त्याचे डोळे हसायचे. त्याने सरकून मला दोरखंडाच्या वेटोळ्यावर जागा करून दिली आणि झालं, माझी टकळी सुरू!

मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते. तिथे येणाऱ्यांची तोंडं उघडी, नाहीतर सुजलेली. बोलायचं काम माझ्याकडेच. ते त्याला सांगितलं. घरमालकांचं सांगितलं, बहिणीच्या जुळ्यांचं सांगितलं. लाटांचे तुषार उडत होते, ओठ खारट झाले होते आणि तो ऐकत होता. घड्याळाकडे न बघता, जांभई न देता! तेव्हाच खरं तर माझ्या काळजाचा ठोका चुकायला हवा होता, पण मला सांगायचं बरंच बाकी होतं.

"बेटावर कशासाठी चाललात?" त्याने विचारलं.

माझी गाडी पहिल्यांदाच अडली.

"गप्प बसायला शिकायला," मी म्हणाले. "टेकडीवर ते मौनकेंद्र आहे ना… आठवडाभर शब्द नाही, खुणा नाहीत, नजरानजरसुद्धा नाही. दोन स्थळांकडून नकार आला. मुलगी छान आहे, पण फार बोलते म्हणे. मग आत्याने माझं नाव नोंदवून टाकलं."

हसत सांगायचं ठरवलं होतं, तरी आवाज जरा हललाच. तो नुसता बघत राहिला… बदकही गप्प झालं.

धक्क्यावर एकच टमटम उभी होती. बदक मौनकेंद्राच्या तळ्यातलंच होतं, त्यामुळे आम्ही तिघं मागे दाटीवाटीने बसलो. प्रत्येक वळणावर त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा आणि तो "सॉरी" म्हणायचा.

"रस्ता असाच आहे का?" मी विचारलं. "मग एकदाच घाऊक सॉरी म्हणून टाका!"

"आणि… मुद्दाम लागला तर?"

मी पटकन बाहेर बघायला लागले.

"डॉक्टर," टमटमवाले काका आरशातून म्हणाले, "चढ आलाय. गाडी हळू घेतो. काय बोलायचं ते बोलून घ्या."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. खोकले. बदकाचा पाय तपासला. आणि चढ संपला!

फाटकावर पाटी होती, 'येथून पुढे मौन'. "आत पाऊल टाकलं की बोलणं बंद हं," तिथल्या बाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी माझा फोन ठेवून घेतला. बदकाचं खोकं आत गेलं, पाठोपाठ मीही. बाहेर टमटम परतीच्या बोटीसाठी हॉर्न वाजवत होती. इतकी बडबड केली आणि 'पुन्हा भेटाल का' एवढंच विचारायचं राहिलं!

"ऐका!" तो बाहेरून ओरडला. "तिथून… गप्प होऊन येऊ नका. मला तुम्ही आवडलात. सगळ्या बोलण्यासकट! रविवारी न्यायला येऊ?"

माझे डोळे भरून आले. बोलायचं नाही, मानही हलवायची नाही… आणि त्याचा चेहरा तर उतरत चाललेला. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी सरळ मागे वळले आणि फाटकाबाहेर येऊन उभी राहिले.

"या," मी म्हणाले. "पण पहिल्या बोटीने या. आठवड्याचं साठलेलं असेल, संध्याकाळपर्यंत संपायचं नाही."

"नको संपायला," तो म्हणाला.

मग मी आत गेले. तळ्यावरून बदक तेवढं ओरडत होतं. आत्याला अजून खरं वाटत नाही, पण त्या आठवड्यात मला गप्प बसणं अजिबात जड गेलं नाही. माझं ऐकणारा रविवारी येणार होता.