प्रमाण हुंकार

हुंकारमापकाच्या पडद्यावर दोन रेषा एकमेकींवर इतक्या तंतोतंत बसल्या होत्या, की डॉ. वसुधा केळुसकरांना प्रथम ती एकच रेषा वाटली.

"यंत्र बिघडलंय का, गावंडे?"

"यंत्र ठीक आहे, ताई." त्यांचे सहकारी डॉ. गावंडे काचेपलीकडे पाहत होते. तिथे वसुधाबाईंची सतरा वर्षांची मुलगी निहिरा कानात श्रवणिका घालून हलक्या आवाजात बोलत होती. तिने कॉलेज सोडले होते, मैत्रिणी सुटल्या होत्या. जागेपणीचा बहुतेक वेळ ती 'सहश्रोता' या संवादप्रणालीशी बोलण्यात घालवी. आज ती एका अटीवर आली होती: तपासणीनंतर एकदाच श्रवणिका काढून आईशी बोलेन, तेव्हा काही वाटले नाही, तर श्रवणिका काढायला पुन्हा कोणी सांगायचे नाही.

आंतरजालाचे व्यसन कोणत्या मुलांना जडते, हा या प्रयोगशाळेचा विषय. एकटेपणा, अपुरी झोप, परीक्षेचा ताण, घरातली भांडणे, हे सारे घटक मांडूनही गणित जुळत नव्हते. राहून गेलेला घटक वसुधाबाईंनी शोधला होता.

"गावंडेकाका, यात नक्की काय मोजता?" निहिराने आतून विचारले.

"ऐकणं," गावंडे ध्वनिक्षेपकात म्हणाले. "कुणी मनापासून ऐकत असलं, की त्याचा 'हं' तुझं वाक्य संपायच्या किंचित आधी येतो. पुढचं त्याला उमगलेलं असतं ना! लक्ष नसलं, की तोच 'हं' मागून येतो. कानाला फरक कळत नाही, मेंदूला कळतो. घरी मिळाला नाही, तर मेंदू तो मिळेल तिथे शोधत राहतो."

"मग हे यंत्र घरी नेलंत की नाही?"

"छे! बायको त्याच दिवशी माहेरी जाईल."

निहिरा हसली. मग तिने विचारले, "आणि आईचा 'हं' कधी येतो?"

गावंडेंनी ध्वनिक्षेपक बंद केला.

"एक रेषा सहश्रोत्याची," ते वसुधाबाईंकडे न पाहता म्हणाले. "त्यात शेकडो श्रोते आहेत. सगळे चाळून पोरीने हा एक निवडला. दुसरी रेषा आपल्या प्रमाण हुंकाराची. आपण तो सहश्रोत्याच्या कंपनीला वापरू दिला होता."

वसुधाबाईंना आठवले. वसतिगृहांतल्या मुलांच्या त्या मुलाखती. सर्वांत खरे ऐकणारी व्यक्ती म्हणून प्रयोगशाळेने एकमताने त्यांचीच निवड केली होती, आणि त्यांचाच हुंकार प्रमाण ठरला होता. परवानगीपत्रावर सहीही त्यांचीच होती. त्या दिवसांत छोटी निहिरा शाळेतून आली, की काहीबाही सांगत मागे मागे फिरे. आणि वसुधाबाई त्या परक्या मुलांचे बोलणे उतरवून घेता घेता, मान वर न करता, "हं" म्हणत.

त्यांचे कान तापले. गावंडेंसमोर उभे राहवेना, म्हणून त्या आत गेल्या आणि मुलीसमोर बसल्या. निहिराने श्रवणिका काढून मांडीवर ठेवली.

"कॉलेज का सोडलं, ते सांगू?"

"सांग."

"रसायनाच्या प्रॅक्टिकलला माझ्या हातून बाटली फुटली. कुणी ओरडलं नाही, हसलं नाही. सगळे नुसते बाजूला सरकले. तेव्हा वाटलं, की मी इथे असले काय..."

"हं," वसुधाबाई म्हणाल्या.

कित्येक वर्षांत त्यांनी मुलीचे असे मनापासून ऐकले नव्हते. काचेपलीकडे त्यांच्या या 'हं'ची तिसरी रेषा आधीच्या दोन रेषांवर अचूक येऊन बसली, आणि गावंडे नकळत उठून उभे राहिले.

निहिरा मात्र थांबली. तिने आईकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. आईची तिला कीव आली होती.

"आई, निदान त्याची नक्कल तरी करू नकोस ना."

तो हुंकार माझाच आहे, असे सांगायला वसुधाबाईंनी तोंड उघडले. पण मग तो आजवर कुठे होता, हेही सांगावे लागले असते. त्यांनी मान खाली घातली.

निहिराने श्रवणिका कानात घातली आणि अर्धवट राहिलेले वाक्य तिथूनच पुढे सुरू केले.