स्मरप्रवाळ

सवत फक्त बायकांनाच असते असं म्हणतात. श्रीपाद ठोसरला होती, आणि ती त्याच्याच बैठकीत, काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात राहत होती.

त्याची बायको अवंती मालवणच्या प्रवाळ-प्रयोगशाळेत संशोधक. तिचे विभागप्रमुख डॉ. लोटलीकर यांनी दिलेली मऊ प्रवाळाची करंगळीएवढी फांदी तिने वर्षापूर्वी घरी आणली, रबरबँडने दगडाला बांधली, आणि तेव्हापासून घरात त्या प्रवाळाचंच राज्य होतं. टाकीतलं पाणी उडतं पण मीठ मागे राहतं, म्हणून ती रोज गोड्या पाण्याची भर घालायची. दिवे, लाटयंत्र, क्षारतेची मोजणी, सगळं जातीने बघायची. तिचा हात पाण्यात गेला की प्रवाळाची शेकडो बोटं फुलून तिच्याकडे वळत. श्रीपादचा हात गेला की ते अंग चोरून ढेकळासारखं व्हायचं.

समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाच्या मुख्य अभियंत्याने एका प्रवाळावर जळावं हे हास्यास्पद होतं. ते त्यालाही कळत होतं. तरी तो जळत होता.

मग एका रविवारी लोटलीकर पहिल्यांदाच घरी जेवायला आले. कौतुकाने त्यांनी टाकीत हात घातला आणि प्रवाळ भरभरून फुललं.

श्रीपादच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुम्हाला बरं ओळखतं हे! मी घरात नसताना येत असता वाटतं?"

"श्रीपाद!" अवंती ओरडली.

लोटलीकर मात्र हसले. "रागावू नका. अहो, हे स्मरप्रवाळ आहे. समुद्रात लावलेली प्रवाळं पाणबुड्यांच्या हाताला बिचकतात, मिटतात, मरतात. म्हणून आम्ही त्यांच्या पेशींना गंधस्मृती दिली. काही महिने रोज एकच हात पाण्यात आला, तर त्या त्वचेचा गंध पेशी लक्षात ठेवतात."

"रोज हात तिचा येतो. तुमचा कुठे येतो?"

"पण याला मेंदू नाही ना. स्मृती साऱ्या अंगभर असते. ही फांदी माझ्या घरच्या प्रवाळाची. त्याची निगा मीच राखतो. फांदी कापली तेव्हा माझी ओळख तिच्याबरोबर आली."

श्रीपाद अभियंता होता. समजल्याशिवाय सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "मग आता हिने अवंतीला ओळखलं, ते तुमच्या घरच्या प्रवाळालाही कळलं असेल?"

"छे! कापलं की संबंध संपला. इथलं तिथे कळायचा मार्गच नाही."

"मी तर ते प्रवाळ पाहिलेलंही नाही," अवंती फणकारली. "यांचं घर कुठे आहे तेही मला धड माहीत नाही. आणि तू पाहुण्यांना काय काय बोलतोस!"

श्रीपादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने हात जोडून माफी मागितली, आग्रहाने सोलकढी वाढली. तेवढ्यावर त्याचं समाधान होईना, म्हणून पुढच्या रविवारी खाजं घेऊन तो अवंतीसह लोटलीकरांकडे गेला. मन इतकं हलकं होतं की वाटेत तो चक्क गुणगुणत होता.

लोटलीकरांची टाकी भिंतभर होती. मधोमध ते जुनं प्रवाळ, कोबीच्या गड्ड्याएवढं. काचेवरून सुटलेली एक शेवाळखाऊ गोगलगाय त्याच्यावर उताणी पडून धडपडत होती.

"अगं बाई, मरेल ती!" प्रवाळ पाळणाऱ्या माणसाला असं काही बघवत नाही. लोटलीकर "थांब" म्हणेपर्यंत अवंतीने बाही सारून कोपरापर्यंत हात घातला आणि गोगलगाय उचलली.

प्रवाळ तिच्या हाताभोवती फुललं. एकूण एक बोट तिच्याकडे वळलं.

लाटयंत्र तेवढं घरघरत होतं.

"ते... जुनं झालंय ना," लोटलीकर घाईघाईने म्हणाले. "हल्ली ते कुणालाही फुलतं."

श्रीपादने खाज्याचा पुडा खाली ठेवला आणि आपला हात पाण्यात घातला. त्याच्या बाजूची बोटं झरझर मिटली. अवंतीच्या बाजूची तशीच उघडी राहिली.

"मला नाही ओळखत," तो म्हणाला. "मी इथे पहिल्यांदाच आलोय."