मऊ राख

"दार बाहेरून बंद होतं!" बंबवाल्याने काळं पडलेलं कुलूप अल्मासापुढे धरलं. "आणि आत बाई होती."

बाई म्हणजे मेवलिदा. सुल्योच्या कारखान्यात कापड कापणारी. सर्बियातल्या या नोवी पाझार गावात तिच्या कात्रीखालून न गेलेली जीन्स शोधायला निघालात तर दमून परत याल! आता गोदामातून नुसता धूर निघत होता, आणि तो काही केल्या संपत नव्हता.

इन्स्पेक्टर अल्मासाने वाकून राख चिमटीत घेतली. पिठासारखी मऊ. दुसऱ्या कोपऱ्यातली घेतली. तीही मऊ. मग ती गोदामभर तशीच राख चिमटीत घेत फिरली.

"हमदियाला आत टाका," मालक सुल्यो कडाडला. "म्हणे रखवालदार! सिगारेट फेकली, कुलूप दाबलं, चालता झाला. आता सडू दे जन्मभर."

"किल्ली कुणाकडे, काका?"

"एकच आहे, माझ्या खिशात. पण हे कुलूप लावायला किल्ली लागतेच कुठे? दाबलं की बसतं. मेवलिदाला नवा माल बघायचा होता. मी उघडून दिलं नि घरी जेवायला गेलो."

"माल कुठला?"

"तुर्कस्तानचा. सुती-पॉलिस्टर डेनिम, इटलीच्या ऑर्डरसाठी. हमदियासमोर एकेका ताग्याचा धागा जाळून पाहिला मी. निव्वळ सुताची राख होते, पॉलिस्टर वितळून टणक काळा मणी उरतो. तो उरला, तेव्हाच माल उतरवून घेतला. गेलं सगळं! विमावाले तरी देतात का, देव जाणे."

हमदिया पोलिसांच्या गाडीत बसला होता. मांडीवर कागदाचं पुडकं.

"हे काय, मामा?"

"मांतिया, खिम्याच्या. मालकांनीच पिटाळलं, गरम घेऊन ये म्हणाले. येऊन बघतो तर ज्वाळा!"

अल्मासा सावकाश वळली. "काका, घरी जेवायला निघालेला माणूस मांतिया कशाला मागवतो?"

"भूक लागली होती! ए पोरी, तुला कडेवर खेळवलंय मी."

"मग लायटर द्या जरा."

अर्धवट जळलेल्या ताग्याच्या पोटातून तिने धागा ओढला. पेटवला. कागद जळल्यासारखा वास आला. सुल्योची बोटं सवयीने मणी चाचपायला पुढे आली... आणि मध्येच थांबली.

"का थांबलात? मणी नाही, हे न चाचपताच कळलं?"

सुल्योने हात मागे घेतला.

"अख्ख्या गोदामात मणी नाही. उतरला तेव्हा माल मिश्र होता, तुम्हीच सांगितलंत. मग तो बाहेर गेला आणि त्याच्या जागी निव्वळ सुती भंगार आलं. किल्लीवाल्याशिवाय हे कोण करणार? माल चोरून विकायचा, वर विमाही घ्यायचा. पण मेवलिदाने ताग्याला हात लावला. तिच्या बोटांना कोण फसवणार? म्हणून मामांना मांतियांना धाडलंत, कुलूप दाबलंत आणि गजांच्या खिडकीतून आग टाकलीत."

"गप्प बस म्हटलं होतं तिला," सुल्यो पुटपुटला. "ऐकेचना."

बेड्या त्याच्या हातात पडल्या. हमदिया गाडीतून उतरला, पण घराकडे वळला नाही.

"पोरी, तिने हाक मारली असेल ना मला?"

त्याच्या हातातलं पुडकं केव्हाच गार झालं होतं.